पिएरो स्राफा

पिएरो स्राफा (५ ऑगस्ट १८९८, तोरिनो – ३ सप्टेंबर १९८३, केंब्रिज) हे इटलीत जन्मलेले आणि आयुष्याचा बहुतांश काळ इंग्लंडमधील केंब्रिज येथे व्यतीत केलेले अर्थशास्त्रज्ञ होते. डेव्हिड रिकार्डो यांच्या समग्र लेखनाचे व पत्रव्यवहाराचे संपादक, तसेच १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉडक्शन ऑफ कमोडिटीज बाय मीन्स ऑफ कमोडिटीज’ या छोट्या ग्रंथाचे लेखक म्हणून ते ओळखले जातात. रिकार्डो यांच्या समग्र वाङ्मयाचे संपादकपद त्यांच्याकडे १९३० साली आले. पहिले खंड १९५१ मध्ये वाचकांच्या हाती पडले आणि सूचीचा शेवटचा खंड १९७३ मध्ये निघाला. स्राफा यांचे स्वतःचे प्रकाशित लेखन अत्यल्प आहे. तरीही विसाव्या शतकातील अर्थशास्त्राच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे मानले जाते आणि त्या स्थानाचा निम्मा आधार दुसऱ्याच्या लेखनाचे संपादन हा आहे.

बालपण आणि शिक्षण

स्राफा यांचा जन्म तोरिनो येथील सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. वडील आंजेलो स्राफा हे वाणिज्यविषयक कायद्याचे नामांकित प्राध्यापक होते व पुढे मिलान येथील बोक्कोनी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आईचे नाव इर्मा तिवोली. वडिलांच्या बदल्यांमुळे पिएरो यांचे शिक्षण निरनिराळ्या शहरांत झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करात सेवा केली आणि त्यानंतर तोरिनो विद्यापीठातून कायद्याची पदवी मिळवली. १९२० साली त्यांनी लुईजी एइनाउदी यांच्या मार्गदर्शनाखाली युद्धकाळातील व युद्धोत्तर इटलीतील चलनवाढीवर प्रबंध लिहिला. हेच एइनाउदी पुढे इटलीच्या प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

साहित्याचे शिक्षक उंबेर्तो कोस्मो यांच्यामार्फत १९१९ मध्ये स्राफा यांची ओळख आंतोनिओ ग्राम्शी यांच्याशी झाली. ग्राम्शी त्या वेळी तोरिनोतून ‘लॉर्दिने नुओव्हो’ हे नियतकालिक चालवीत होते. स्राफा यांनी त्यासाठी काही भाषांतरे करून दिली. या मैत्रीचे मोल पुढे ग्राम्शींच्या तुरुंगवासात दिसून आले.

मुसोलिनीचा रोष

१९२१ मध्ये स्राफा अभ्यासासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले असता त्यांची जॉन मेनार्ड केन्स यांच्याशी भेट झाली. केन्स यांच्या सूचनेवरून त्यांनी इटलीतील बँकांच्या अरिष्टावर एक लेख लिहिला. तो १९२२ साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये आला. त्याच वर्षअखेरीस याच विषयावरचा दुसरा लेख ‘मँचेस्टर गार्डियन’च्या पुरवणीत प्रसिद्ध झाला. मोठ्या बँका, उद्योगसमूह आणि सत्ताधारी यांचे लागेबांधे त्यात उघड केले होते. नुकत्याच सत्तेवर आलेल्या मुसोलिनीला हा लेख इटलीच्या पतीवरचा हल्ला वाटला. त्याने थेट स्राफा यांच्या वडिलांना तारा पाठवून लेख मागे घेण्याची मागणी केली. लेखात जे आहे ते जगजाहीर आहे, अशा आशयाचे उत्तर देऊन आंजेलो स्राफा यांनी ती मागणी फेटाळली.

जानेवारी १९२३ मध्ये स्राफा पुन्हा इंग्लंडला निघाले, तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना डोव्हर बंदरातूनच परत पाठवले. ही बंदी पुढे केन्स यांच्या खटपटीने उठली. मधल्या काळात स्राफा यांनी पेरुजिया येथे अध्यापन केले आणि १९२६ मध्ये सार्दिनिया बेटावरील काल्यारी विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. चलनसुधारणेवरील केन्स यांच्या पुस्तकाचा त्यांनी केलेला इटालियन अनुवाद १९२५ साली निघाला.

केंब्रिज

१९२५ मध्ये एका इटालियन नियतकालिकात उत्पादनखर्च व उत्पादनाचे परिमाण यांच्या संबंधावरील स्राफा यांचा दीर्घ लेख आला. त्यातील मुख्य विचार त्यांनी डिसेंबर १९२६ च्या ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये संक्षेपाने मांडला. आल्फ्रेड मार्शल यांच्या मांडणीनुसार पूर्ण स्पर्धेतील उद्योगाचा पुरवठा वाढत्या वा घटत्या खर्चाच्या नियमाने ठरतो. स्राफा यांनी दाखवले की हे दोन्ही नियम ज्या अटींवर उभे आहेत, त्या त्याच मांडणीतील इतर गृहीतकांशी जुळत नाहीत. अपूर्ण स्पर्धेच्या सिद्धान्ताला या लेखाने चालना दिली. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात हे ऋण मान्य केले आहे. स्राफा स्वतः मात्र त्या वाटेने पुढे गेले नाहीत.

या लेखाच्या बळावर केन्स यांनी त्यांना १९२७ मध्ये केंब्रिजला व्याख्याता म्हणून बोलावून घेतले. मूल्यसिद्धान्तावरील त्यांची व्याख्याने १९२८ पासून सुरू झाली. ऐकणाऱ्यांवर त्यांचा खोल परिणाम होई, पण व्याख्यात्याला ती शिक्षा वाटे. स्राफा कमालीचे संकोची होते. प्रत्येक वाक्य निर्दोष झाल्याशिवाय ते उच्चारू नये, असा त्यांचा स्वभाव असल्याने वर्गात उभे राहणे त्यांना असह्य झाले आणि काही वर्षांतच त्यांनी व्याख्याने सोडली. असा माणूस विद्यापीठात टिकवायचा कसा, हा प्रश्न केन्स यांनी दोन मार्गांनी सोडवला. स्राफा यांच्याकडे मार्शल ग्रंथालयाचे ग्रंथपालपद व संशोधक विद्यार्थ्यांची देखरेख सोपवण्यात आली आणि सोबत रिकार्डो यांच्या समग्र वाङ्मयाचे संपादन आले.

रिकार्डो वाङ्मयाचे संपादकपद

डेव्हिड रिकार्डो (१७७२–१८२३) हे लंडनच्या शेअरबाजारात धनवान झालेले, नंतर संसदेत निवडून गेलेले आणि औपचारिक उच्च शिक्षण न घेतलेले अर्थशास्त्रज्ञ होते. ‘प्रिन्सिपल्स ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी अँड टॅक्सेशन’ या त्यांच्या ग्रंथाच्या १८१७, १८१९ व १८२१ अशा तीन आवृत्त्या त्यांच्या हयातीत निघाल्या. मृत्यूनंतर शंभर वर्षे उलटली तरी त्यांच्या लेखनाची विश्वसनीय समग्र आवृत्ती नव्हती. थॉमस माल्थस, जॉन मॅकलक आणि हचिस ट्रॉवर यांना लिहिलेली त्यांची पत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स बोनार व जेकब हॉलंडर यांनी तीन वेगवेगळ्या पुस्तकांत प्रसिद्ध केली होती. परंतु ती एकतर्फी होती. रिकार्डो काय लिहीत होते ते कळे. त्यांना समोरून काय लिहिले जात होते, ते कळत नसे.

रॉयल इकॉनॉमिक सोसायटीने १९२० च्या दशकात समग्र आवृत्तीचा संकल्प केला, तेव्हा संपादक म्हणून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे थिओडोर ग्रेगरी यांची निवड झाली होती. ग्रेगरी व हॉलंडर यांनी माल्थस यांच्या ग्रंथावरील रिकार्डो यांची टिपणे १९२८ मध्ये संपादित करून प्रसिद्धही केली. समग्र आवृत्तीचे काम मात्र ग्रेगरी यांच्याकडून पुढे सरकले नाही आणि १९३० मध्ये ते स्राफा यांच्याकडे आले. ग्रेगरी पुढे भारत सरकारचे आर्थिक सल्लागार झाले व १९३८ ते १९४६ ही वर्षे त्यांनी त्या पदावर काढली.

या हस्तांतरामागे केन्स यांचा हात होता. केन्स हे सोसायटीचे सचिव आणि तिच्या नियतकालिकाचे संपादक होते. गंमत अशी की, केन्स यांना स्वतःला रिकार्डो यांच्याविषयी फारसे प्रेम नव्हते. एकोणिसाव्या शतकाचे अर्थशास्त्र रिकार्डोऐवजी माल्थस यांच्या वाटेने गेले असते तर जगाचे भले झाले असते, असे त्यांचे मत होते. स्राफा यांच्या शोधातून हाती आलेल्या माल्थस यांच्या पत्रांचा उपयोग त्यांनी माल्थस यांच्यावरील आपल्या निबंधात त्याच मताच्या पुष्टीसाठी केला. तो निबंध १९३३ च्या पुस्तकात आला, तेव्हा रिकार्डो यांची आवृत्ती आता लवकरच बाहेर पडेल अशी वाचकांची समजूत करून देण्यात आली होती. प्रत्यक्षात तिला आणखी १८ वर्षे लागायची होती.

स्राफा यांची कामाची रीत हे या विलंबाचे पहिले कारण. आधीच्या संपादकांनी छापलेला मजकूर जसाच्या तसा उचलणे त्यांना मान्य नव्हते. ‘प्रिन्सिपल्स’च्या तिन्ही आवृत्त्या त्यांनी शब्दशः ताडून पाहिल्या व प्रत्येक बदल नोंदवला. संसदेतील भाषणांचे छापील वृत्तान्त मुळात वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून तयार झालेले असल्याने त्या बातम्यांपर्यंत मागे जावे लागले. पत्रांत ओझरत्या उल्लेखलेल्या व्यक्ती, सौदे, पुस्तके, प्रवास यांचा माग काढून प्रत्येकावर टीप लिहिली गेली. रिकार्डो यांच्या वंशजांकडे असलेली, त्यांना आलेली पत्रे मिळाल्यामुळे पत्रव्यवहार प्रथमच दोन्ही बाजूंनी उभा राहिला. एका माणसाचे एकतर्फी बोलणे होते, त्याचा संवाद झाला.

दुसरे कारण बाहेरचे होते. १० जून १९४० रोजी इटली युद्धात उतरली आणि इंग्लंडमधील इटालियन नागरिक शत्रुपक्षीय परकीय ठरले. फॅसिस्ट राजवटीचा रोष ओढवून घेतलेले स्राफा यांनाही अटक होऊन आइल ऑफ मॅन येथील छावणीत नेण्यात आले. केन्स यांनी पुन्हा धावपळ केली आणि काही महिन्यांनी त्यांची सुटका झाली.

तिसरे कारण १९४३ मध्ये डब्लिनजवळच्या राहेनी येथे एका धातूच्या पेटीतून बाहेर आले. रिकार्डो यांच्या सर्वात जवळच्या मित्रांपैकी एक म्हणजे जेम्स मिल. रिकार्डो यांना ग्रंथ लिहायला लावणारे, त्यांच्या लेखनाची खर्डेघाशी तपासणारे आणि त्यांना संसदेत जाण्यासाठी भरीस पाडणारे ते हेच. ब्रिटिश भारताचा इतिहास लिहिणारे व पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत अधिकारी झालेले म्हणून मिल यांचे नाव भारतीय वाचकांस परिचित आहे. रिकार्डो यांनी मिल यांना लिहिलेली पत्रे हरवली असे समजले जात होते. ती अर्थशास्त्रज्ञ केअर्न्स यांच्या वारसांकडे सुरक्षित होती. पत्रांबरोबर रिकार्डो यांनी आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यांत लिहिलेला, निरपेक्ष मूल्य व विनिमय मूल्य या विषयावरचा अपुरा निबंधही मिळाला.

संशोधकाच्या दृष्टीने हे घबाड होते, पण छापखान्याच्या दृष्टीने संकट. तोवर अनेक खंडांची पाने जुळवून तयार होती. पत्रे कालक्रमाने लावलेली असल्यामुळे नवी पत्रे परिशिष्टात टाकून भागणारे नव्हते. ती मध्ये घालायची म्हणजे पुढचे सर्व क्रमांक, टिपा आणि परस्परसंदर्भ बदलायचे. स्राफा यांनी तडजोड केली नाही. पत्रांचे खंड नव्याने रचण्यात आले. प्रस्तावनांमध्ये मिल यांच्याविषयी जे अंदाजाने लिहावे लागले असते, ते आता पुराव्याने लिहिता येणार होते.

एप्रिल १९४६ मध्ये केन्स यांचे निधन झाले. आवृत्तीचा सर्वात खंबीर पाठीराखा तिचा एकही खंड पाहू शकला नाही. मजकूर तयार होता, टिपा तयार होत्या, पण प्रस्तावना कागदावर उतरत नव्हत्या. सोसायटीचा आणि प्रकाशकांचा धीर सुटत चालला होता. अखेर १९४८ मध्ये स्राफा यांचे जुने मित्र, ट्रिनिटी कॉलेजमधील मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञ मॉरिस डॉब मदतीस आले. दोघे बसून प्रस्तावनांचा शब्दन् शब्द चर्चेने ठरवीत आणि डॉब तो लिहून काढीत. डॉब यांचे सहकार्य मुखपृष्ठावर नमूद आहे. ते लाभले नसते तर ही आवृत्ती मुद्रितांच्या गठ्ठ्यांतच राहिली असती, असे मानण्यास जागा आहे.

आवृत्तीचे स्वरूप

केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने पहिले खंड १९५१ मध्ये प्रसिद्ध केले व १९५२ पर्यंत नऊ खंड बाहेर आले. पहिल्या खंडात ‘प्रिन्सिपल्स’ आहे. दुसऱ्यात माल्थस यांच्या ग्रंथावरील टिपणे आहेत. १९२८ च्या आवृत्तीत ती मूळ ग्रंथापासून तोडून छापलेली होती. स्राफा यांनी माल्थस यांचा मजकूर वर आणि रिकार्डो यांचे टिपण खाली अशी रचना केली. तिसरा व चौथा खंड पुस्तिका व लेखांचे, पाचवा भाषणे व साक्षींचा, सहा ते नऊ पत्रांचे. दहावा खंड १९५५ मध्ये निघाला. त्यात रिकार्डो यांचे घराणे, त्यांचे शेअरबाजारातील व्यवहार आणि १८२२ मधील युरोपप्रवासाची पत्रे अशी चरित्रविषयक सामग्री एकत्र केली आहे. अकरावा खंड म्हणजे सर्वसाधारण सूची. तिला आणखी १८ वर्षे लागली.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांची विचारसरणी स्राफा यांच्याहून अगदी वेगळी होती. तरीही १९५३ मधील आपल्या परीक्षणात त्यांनी, रिकार्डो जिवंतपणी भाग्यवान होते आणि मृत्यूनंतर १३० वर्षांनी स्राफा यांच्यासारखा स्नेही लाभल्याने ते पुन्हा भाग्यवान ठरले, अशा आशयाचा अभिप्राय दिला. १९६१ मध्ये स्वीडनच्या रॉयल अकॅडमीने या कार्यासाठी स्राफा यांना सोडरस्ट्रॉम सुवर्णपदक दिले. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक तेव्हा अस्तित्वात आलेले नव्हते.

पहिल्या खंडाची प्रस्तावना

आवृत्तीतील सर्वाधिक चर्चा झालेला भाग म्हणजे पहिल्या खंडाची प्रस्तावना. पुढच्या आवृत्त्यांमध्ये रिकार्डो आपल्या श्रममूल्य सिद्धान्तापासून हळूहळू मागे हटले, असा समज हॉलंडर आदी अभ्यासकांनी रूढ केला होता. तिन्ही आवृत्त्यांतील फरक व नव्याने मिळालेली पत्रे यांच्या आधारे स्राफा यांनी हा समज खोडून काढला. रिकार्डो यांनी मूल्यावरचे पहिले प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिले ते माघार घेण्यासाठी नव्हे. वाटपातील बदलांनी न हलणारे मूल्याचे माप त्यांना हवे होते आणि ते सापडत नव्हते.

प्रस्तावनेतील दुसरे प्रतिपादन १८१५ मधील नफ्यावरच्या निबंधासंबंधी आहे. शेतीत बियाणे धान्य, मजुरी धान्य आणि पीकही धान्य. समजा, बियाणे व मजुरी मिळून १०० मण धान्य गुंतवले आणि १२५ मण पिकले, तर नफ्याचा दर २५ टक्के हे सांगायला कोणत्याही किमतीची गरज नाही. धान्याला धान्याने भागले की झाले. इतर धंद्यांतील नफा मग शेतीतील नफ्याशी जुळवून घेतो. रिकार्डो यांच्या आरंभीच्या विचारामागे हे तर्कशास्त्र होते, असे स्राफा यांनी सुचवले. मात्र रिकार्डो यांच्या उपलब्ध लेखनात ते अशा स्पष्ट शब्दांत कोठेही आढळत नाही, हेही त्यांनी तेथेच नमूद केले. नेमक्या याच जागेवर पुढे वाद झाला. १९७० च्या दशकात सॅम्युएल हॉलंडर यांनी हे स्पष्टीकरण अमान्य केले व रिकार्डो यांना नवअभिजात परंपरेच्या जवळ नेऊन ठेवले. स्राफा यांच्या अनुयायांनी त्याला उत्तरे दिली. संपादकाने मूळ लेखकावर स्वतःचा विचार लादला की लेखकाच्या मनातला विचार शोधून काढला, हा प्रश्न त्या वादाच्या मुळाशी आहे. आवृत्तीच्या पाठशुद्धीवर मात्र विरोधकांनीही बोट ठेवलेले नाही. हॉलंडर यांनीही आपले आक्षेप स्राफा यांनीच सिद्ध केलेल्या पाठाच्या आधारे मांडले.

इतर कार्य

रिकार्डो यांच्या छायेत स्राफा यांची अन्य कामे चालू होती. १९३२ मध्ये त्यांनी फ्रीडरिश हायेक यांच्या चलनविषयक ग्रंथावर तीक्ष्ण टीका लिहिली. प्रत्येक वस्तूचा स्वतःचा व्याजदर असू शकतो, ही त्यातील कल्पना केन्स यांनी आपल्या ‘जनरल थिअरी’त वापरली. १९३८ मध्ये केन्स व स्राफा यांनी मिळून १७४० मधील एक विसरलेली पुस्तिका प्रकाशात आणली. डेव्हिड ह्यूम यांच्या तत्त्वज्ञानविषयक ग्रंथाचा हा निनावी सारांश ॲडम स्मिथ यांनी लिहिला असे समजले जाई. तो ह्यूम यांचाच आहे, हे या दोघांनी सिद्ध केले.

१९२९ मध्ये लुडविग विटगेनस्टाइन केंब्रिजला परतल्यानंतर त्यांची व स्राफा यांची नियमित चर्चा होऊ लागली. भाषेतील विधान व वस्तुस्थिती यांची तार्किक घडण एकच असते, असे विटगेनस्टाइन सांगत असता स्राफा यांनी हनुवटीखाली बोटे फिरवून तुच्छतादर्शक नेपल्सी हावभाव केला व त्याची तार्किक घडण कोणती ते विचारले, अशी कथा सांगितली जाते. आपल्या उत्तरकालीन ग्रंथाच्या प्रस्तावनेत विटगेनस्टाइन यांनी स्राफा यांच्या टीकेचे ऋण विशेषत्वाने मान्य केले. १९४६ मध्ये स्राफा यांनी या चर्चा थांबवल्या.

ग्राम्शी यांना नोव्हेंबर १९२६ मध्ये अटक झाल्यावर स्राफा यांनी मिलानच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे त्यांच्या नावे खाते उघडले व बिल स्वतः भरले. तुरुंगातील ग्राम्शी त्यावर हवी ती पुस्तके मागवू शकत. ग्राम्शींची मेहुणी तातियाना शुख्त यांच्या हस्ते दोघांचा पत्रव्यवहार चाले आणि ग्राम्शींची ख्यालीखुशाली पक्षाच्या परदेशातील नेत्यांपर्यंत स्राफा यांच्याकडून पोचत असे. एप्रिल १९३७ मध्ये ग्राम्शींचे निधन झाले. त्यांच्या तुरुंगातील वह्या आज जगभर वाचल्या जातात. त्या लिहिण्यासाठी लागलेली ग्रंथसामग्री बऱ्याच अंशी त्या खात्यावरून आलेली होती.

वस्तूंद्वारे वस्तूंचे उत्पादन

१९६० साली आलेला ‘प्रॉडक्शन ऑफ कमोडिटीज बाय मीन्स ऑफ कमोडिटीज’ हा ग्रंथ शंभर पानांहूनही लहान आहे. त्याचा पहिला आराखडा केन्स यांनी १९२८ मध्येच पाहिला होता. आरंभीच्या उदाहरणात दोनच उद्योग आहेत. एक उद्योग २८० माप गहू व १२ टन लोखंड वापरून ४०० माप गहू पिकवतो. दुसरा १२० माप गहू व ८ टन लोखंड वापरून २० टन लोखंड काढतो. पुढच्या वर्षी हेच चक्र चालायचे तर १० माप गव्हाला १ टन लोखंड हाच विनिमयदर असावा लागतो. मागणी, उपयोगिता यांपैकी कशाचाही आधार न घेता किमती निघाल्या. उत्पादनात वाढावा निर्माण झाला की तो मजुरी व नफा यांत कसा वाटला जातो हे बाहेरून ठरावे लागते आणि वाटप बदलले की किमती बदलतात. रिकार्डो यांना न सापडलेल्या अचल मापाला स्राफा यांनी येथे प्रमाणभूत वस्तूच्या रूपाने उत्तर दिले. १८१५ च्या निबंधातील धान्याचे तर्कशास्त्र येथे अनेक वस्तूंना लागू झालेले दिसते. संपादन आणि स्वतंत्र लेखन यांतील भिंत येथे फारच पातळ आहे.

या ग्रंथामुळे भांडवलाच्या मोजमापाविषयी इंग्लंडमधील केंब्रिज व अमेरिकेतील केंब्रिज यांच्यात चाललेल्या वादाला धार आली. व्याजदर घटताना आधी टाकून दिलेले उत्पादनतंत्र पुन्हा किफायतशीर ठरू शकते, हे पॉल सॅम्युएलसन यांना १९६६ मध्ये मान्य करावे लागले.

भारताशी संबंध

१९५० च्या दशकात ट्रिनिटी कॉलेजमध्ये शिकणाऱ्या अमर्त्य सेन यांना स्राफा यांचे मार्गदर्शन लाभले. स्राफा, विटगेनस्टाइन व ग्राम्शी यांच्या परस्परसंबंधावर सेन यांनी २००३ मध्ये एक निबंध लिहिला. मुंबईशी आलेला संबंध निराळा आहे. १९६० च्या ग्रंथावरील जगातील सर्वात मर्मग्राही परीक्षणांपैकी एक मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’मध्ये ऑगस्ट १९६३ मध्ये आले. त्याच्या लेखिका कृष्णा भारद्वाज या कारवार येथे जन्मलेल्या व मुंबई विद्यापीठात शिकलेल्या तरुण अर्थशास्त्रज्ञ होत्या. हे परीक्षण केंब्रिजमध्ये वाचले गेले आणि स्राफा व जोन रॉबिन्सन यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. भारद्वाज पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अभिजात अर्थशास्त्राच्या अभ्यासाच्या प्रमुख प्रवर्तक ठरल्या.

अखेरची वर्षे व कागदपत्रे

स्राफा आजन्म अविवाहित राहिले. ट्रिनिटी कॉलेजचे सदस्यत्व त्यांना १९३९ मध्ये मिळाले होते. १९५४ मध्ये ते ब्रिटिश अकॅडमीचे सदस्य झाले. दुर्मीळ ग्रंथांचा त्यांचा संग्रह मोठा होता व तो मृत्यूनंतर ट्रिनिटी कॉलेजकडे गेला. ३ सप्टेंबर १९८३ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे हस्तलिखित टिपणांचा, मसुद्यांचा व रोजनिशींचा मोठा साठा राहिला. अर्धशतकभर न लिहिणारा समजला गेलेला हा माणूस सतत लिहीत होता, हे त्यातून कळले. वाङ्मयीन वारसा सांभाळण्याची जबाबदारी त्यांनी शिष्य पिएरांजेलो गारेन्यानी यांच्यावर सोपवली होती. गारेन्यानी यांच्यासमवेत कृष्णा भारद्वाज यांनीही या कागदांवर काम केले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९३ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या रेन ग्रंथालयातील हा संग्रह अभ्यासकांना खुला करण्यात आला. निवडक कागदपत्रांच्या प्रकाशनाचे संपादकपद पुढे अर्थशास्त्रज्ञ हाइन्झ कुर्झ यांच्याकडे आले. पानापानावर खाडाखोड, इटालियन व इंग्रजीची सरमिसळ आणि कशातून काय वगळावे याविषयी अभ्यासकांतील मतभेद यांमुळे तेही काम दीर्घकाळ रेंगाळले.